आठवीच्या मुलांना घेऊन गाणं रचायचंय आणि त्यातूनच संगीतातल्या कामांची, शिक्षणाची ओळख करून द्यायची आहे. सुरुवात कशी करू?

शाळेतली_बाई (शिराळा तालुका, जि. सांगली)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते. शाळेला संगीत शिक्षक नाही. एक हार्मोनियम आहे, भात्यातून थोडी हवा जाते पण सूर लागतात. एक ढोलकी, झांजा, लेझीम आणि माझा मोबाईल. एवढंच सामान.

परवा आठवीला ‘मी मोठेपणी कोण होणार’ हा निबंध दिला होता. ३४ मुलं. पोलीस, सैन्य, डॉक्टर, शिक्षक, नर्स, दुकान. वर्गात एक मुलगी आहे, काकांच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवते आणि फार सुरेख वाजवते. हात हलका, लय पक्की. तिनेही नर्स लिहिलं होतं. नर्स होणं चांगलंच आहे, पण मी तिला सहज विचारलं, ढोलकीचं का नाही लिहिलंस? तर म्हणाली, “बाई, त्याचं शिक्षण असतं होय?”

मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. संगीताशी संबंधित कामं कोणती, ती शिकायची कुठं, हे मुलांना कळावं असं मनापासून वाटतं. पण तक्ता लावून भाषण दिलं तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहणार नाही. म्हणून डोक्यात आहे की आनंददायी शनिवारच्या तासांना सगळ्या वर्गाने मिळून एक गाणं रचावं. शब्द मुलांचे, चाल मुलांची, वाजवणं आणि रेकॉर्डिंगही त्यांचंच. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायचे नाहीत, एवढं मी पक्कं ठरवलंय.

अडचण अशी की गाणं म्हटलं की गोड गळ्याच्या दोघीतिघी पुढे होतात आणि बाकीचे भिंतीला टेकून बसतात. त्या तीस जणांना कामाला कसं लावू? आणि गाणं झाल्यावर “हे शिकायचं असेल तर इथं जा” हे नेमकं काय सांगू? पालकही विचारणार आहेतच. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा.

साऊंडवाला_सांगली

बाई, नमस्कार. माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे आणि गणपती, नवरात्र, लग्नसराई, जत्रा अशा हंगामात कार्यक्रमांचं साऊंड करतो. मी गात नाही. शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर कधी गेलो नाही, अँप्लिफायरजवळ बसून असायचो. त्यामुळे तुमच्या त्या भिंतीला टेकलेल्या तीस जणांबद्दल मला जास्त बोलायचंय.

माझं म्हणणं असं की वर्गाची वाटणी गाणारे आणि न गाणारे अशी करूच नका. गाणं तयार होताना प्रत्यक्षात जी कामं होतात, तशीच वर्गाची वाटणी करा. एक गट गीतकारांचा. एक चालीचा. एक ठेक्याचा. एक संयोजनाचा, म्हणजे कुठं नुसती ढोलकी, कुठं सगळे एकदम, कुठं शांत, हे ठरवणारा. एक रेकॉर्डिंगचा. आणि एक नोंदींचा: कुणी काय सुचवलं, कुठल्या दिवशी काय बदललं, कुणाच्या नावावर काय लागणार, हे वहीत लिहिणारा. या शेवटच्या गटाला कमी लेखू नका. आमच्या धंद्यात अर्धी भांडणं नोंद नसल्यामुळे होतात. दर शनिवारी निम्मी मुलं बदला आणि निम्मी ठेवा. राहिलेली मुलं नव्यांना शिकवतील.

विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातला घ्या. निसर्ग, देश, आई हे विषय दिलेत तर पाठ्यपुस्तकातल्या ओळी परत येतील. “शाळेत येताना आज काय काय दिसलं” असं विचारा आणि फळ्यावर जसंच्या तसं लिहीत जा, शुद्ध करायला जाऊ नका. मग त्यातून ओळी काढा.

आणि छंद द्या. मोकळं लिहा म्हटलं की मुलं अडतात, चौकट दिली की धावतात. तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हाला मी काय सांगणार, पण मोठा अभंग यासाठी सगळ्यात सोपा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. बोटावर मोजता येतो. घरोघरी हरिपाठ, भजन ऐकलेलं असतं, त्यामुळे त्याची चालण्याची लय कानात आधीच असते. आठ मात्रांचा भजनी ठेका त्याला लगेच लागतो.

आता शिक्षणाचं आणि कामाचं. ते शेवटी एकदम सांगू नका. ज्या शनिवारी मुलं जे काम करतील, त्याच शनिवारी ते काम करून पोट भरणारा माणूस वर्गात आणा, नाहीतर फोनवर बोलायला लावा. ठेक्याच्या दिवशी गावातला ढोलकीवाला. चालीच्या दिवशी भजनी मंडळाचे पेटीवाले. रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्यासारखा कुणीतरी. लग्नात वाजवणारे बँडवाले पावसाळ्यात मोकळे असतात, ते आनंदाने येतात. मुलांनी त्यांना थेट विचारावं: शिकलात कुणाकडे? हंगाम किती महिन्यांचा? बाकीचे महिने काय करता? वाद्य बिघडलं की कोण दुरुस्त करतं? नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेत आणि त्यात स्थानिक कारागीर, कलाकारांकडे जाऊन शिकणं अपेक्षित आहे. म्हणजे वेळेची परवानगी मागायला आधार आहे तुमच्याकडे.

माझ्या कामापुरतं शिक्षण सांगतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे सिनेमा आणि टीव्हीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, ध्वनिमुद्रण आणि साऊंड डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर प्रवेश मिळतो आणि बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. ही अट आठवीतच कळली तर फार उपयोग होतो, कारण नंतर कळून काही करता येत नाही. ध्वनी म्हणजे विज्ञान आहे. ज्या पोराला गाता येत नाही पण रेडिओ उघडून बसायला आवडतं, त्याला हे सांगा. त्याचे डोळे बघा तेव्हा.

पालकांशी खरं बोला. या धंद्यात पैसा नियमित येत नाही, पहिली काही वर्षं दुसरं काम जोडीला ठेवावं लागतं. पण “यात काहीच नाही” हेही खरं नाही. एका गाण्यामागे गायकाशिवाय किती माणसं उभी असतात हे पालकांनी कधी पाहिलेलं नसतं. तुमची मुलं ते त्यांना दाखवतील.

जात्यावरची

बाई, साऊंडवाले दादांनी अभंग सुचवला, मी ओवीचं सांगते. एकत्र गाणं रचणं आपल्याकडे नवं नाहीच. दोघी जात्यावर बसायच्या, एक ओवी टाकायची, दुसरी त्यावर तिची ओवी जोडायची. भोंडल्याच्या गाण्यांतसुद्धा खेळणाऱ्या मुलींची नावं, घरातली माणसं, खिरापत असं भर घालत गाणं वाढत जातं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर वाचता आणि बऱ्याच ऐकताही येतात, म्हणणाऱ्या बाईच्या नावागावासकट. एक शनिवार मुलांना ते ऐकवा. मग सांगा, घरी जाऊन आजीकडून एक ओवी ऐकून, लिहून आणा, आजीचं नाव घालून. हेही संगीतातलंच काम आहे. लोकसंगीताचं संकलन आणि संशोधन करणारी माणसं असतात, ते विद्यापीठात शिकवलं जातं. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी त्यासाठीच आहे. तुमच्या ढोलकीवाल्या मुलीला हे नाव जरूर सांगा.

पेटीमास्तर_मिरज

बाईसाहेब, तुमच्याकडे हार्मोनियम आहे म्हणालात, मग चालीची चिंता मिटली. एक युक्ती सांगतो, ती मी लहान मुलांना नेहमी दाखवतो.

मुलांना फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला सांगा. पांढऱ्याला हात लावायचा नाही. एका सप्तकात पाच काळ्या असतात, त्यामुळे स्वर पाचच मिळतात आणि कसंही वाजवलं तरी कानाला बोचत नाही. दोनाच्या जोडीतली डावीकडची ती काळी एक, तिथून उजवीकडे मोजत काळी पाच. आता गंमत बघा. काळी एकला सा धरला तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा रागाचे स्वर. काळी तीनला सा धरला तर सा रे ग प ध, भूपाचे स्वर. काळी पाचला धरला तर मालकंसाचे, कोमल ग, ध, नीचे. काळी चारला सा धरा, सा रे म प आणि कोमल नी, मेघ-मधमाद सारंगाच्या जवळचं वातावरण, पावसाच्या गाण्याला छान. पट्ट्या त्याच पाच, फक्त घर बदललं की सगळा रंग बदलतो. मुलं थक्क होतात. हे राग नव्हेत, रागांचे नुसते स्वर आहेत, हे मात्र त्यांना आवर्जून सांगा. राग शिकायला गुरूपुढे बसावं लागतं, आणि इथंच त्यांना विचारा की कुणाला बसायचंय.

आठवीतल्या मुलांसाठी पट्टी काळी एक धरा आणि चाल खालच्या सा पासून धैवतापर्यंतच (ध) ठेवा. या वयात काही मुलांचा आवाज फुटलेला असतो, काहींचा नसतो. एवढ्याच टप्प्यात मुली आणि न फुटलेले आवाज सहज गातात, फुटलेले आवाज एक सप्तक खाली गातात आणि कुणी गप्प बसत नाही. मुलग्यांना कुणी बेसूर म्हणून गप्प करू नका. त्या वयात बसवलेली मुलं पुन्हा गात नाहीत, हे मी फार पाहिलंय.

शिक्षणाचं म्हणाल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गायन, वादन, नृत्य तिन्हींच्या असतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद, अलंकार अशी चढती वाट. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतून हे मंडळ १९३१ मध्ये उभं राहिलं. पलुसकर शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. म्हणजे तुमच्या जिल्ह्यातलीच गोष्ट आहे ही, मुलांना सांगा. तालवाद्यात तबला आणि पखवाजाच्या परीक्षा देता येतात. ढोलकीवर तयार झालेला हात तबल्यावर वेगळा बसवावा लागतो, पण लय पक्की असेल तर निम्मं काम झालेलं असतं.

दहावीला शास्त्रीय कला आणि लोककलेसाठी वाढीव गुणांची सोय आहे, प्रस्ताव शाळेमार्फत जातो. अटी मुख्याध्यापकांकडून परिपत्रकात बघून घ्या आणि आठवीतच बघा, कारण परीक्षांना वर्षं लागतात. दिल्लीच्या सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी असते, त्यात लोककलाही येतात. त्या मुलीचं वय बघता अर्ज लगेच करायला हवा.

पुढे पदवीला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत आणि नाट्यशास्त्र विभाग तुम्हाला जवळ. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र.

आणि एक दिवस मुलांना मिरजेला आणा. इथं सतारी आणि तंबोरे बनतात, २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे टांगलेले असतात, कारागीर जवारी काढत बसलेले असतात. जवारी म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, वरचा भाग इतका बारीक घासायचा की तार त्याला नेमकी चाटून जाईल आणि झणकार उमटेल. कारागीर एकदा कानस फिरवतो, तार लावतो, ऐकतो, परत उतरवतो. मापाची पट्टी नसते, सगळं कानावर. गळा नसलेल्या पण कान असलेल्या मुलाने हे काम जवळून पाहिलंच पाहिजे. शिकणारी नवी पोरं कमी झालीत, जुने लोक शिकवायला तयार आहेत.

शाळेतली_बाई (शिराळा तालुका, जि. सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवात केली. काय झालं ते लिहिते, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच आलाय.

“येताना काय दिसलं” विचारल्यावर फळा भरला. सगळ्यात जास्त वेळा एसटी आली, कारण वरच्या वाडीची मुलं तिची वाट बघत भिजतात. गीतकार गटाने बोटं मोजून हे केलं:

एसटी येईना
पाऊस थांबेना
घंटाही वाजेना
शाळेतली

मी एकही अक्षर बदललेलं नाही. ‘शाळेतली’ हा शब्द शेवटी ढकलण्याची कल्पना अशा मुलाची, ज्याला मी वर्षभर निबंधाची दुसरी ओळ लिहायला लावू शकले नव्हते.

मग ठेक्याचा गट. आठ टाळ्या धरल्या. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायची तर दोन मात्रा कुठंतरी ओढाव्या लागणार. ए-स-टी-ऽ ये-ई-ना-ऽ, हे छान बसलं. घं-टा-ही-ऽ वा-जे-ना-ऽ, तेही. शा-ऽ-ळे-ऽ त-ऽ-ली-ऽ, चार अक्षरं, प्रत्येकी दोन मात्रा, पुरे आठ. पण पा-ऊ-स-ऽ म्हटलं की सगळे थांबायचे. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मीही गप्प राहिले. ढोलकीवाली मुलगी दोनतीनदा वाजवून बघून म्हणाली, “बाई, ‘स’ ओढला की तो पावसासारखा वाटत नाही. ‘ऊ’ ओढू या.” पा-ऊ-ऽ-स थां-बे-ना-ऽ. लगेच बसलं, आणि पाऊस खरंच लांबला!

त्या दिवशी तिचे काकाच आले होते वर्गात ढोलकीबद्दल सांगायला. हंगाम, बिदागी, पुडी (ढोलकीचं चामडं) कुठून आणतात, तिच्यावर शाई कोण लावतं, सगळं मोकळेपणाने सांगितलं. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, ते मुंबईच्या विद्यापीठाचं नाव कागदावर लिहून द्याल का. दिलं.

काळ्या पट्ट्यांची युक्ती कमाल आहे, मास्तर. रांग लागते पेटीपुढे. आम्ही काळी एकच धरली, सगळ्यांना गाता यावं म्हणून.

आता प्रश्न. गावातले लोक म्हणतात गाणं यूट्यूबवर टाका. टाकू का? नावं कुणाची द्यायची? चाल तर सात-आठ जणांची आहे. आणि संयोजनाचा गट जरा रिकामा पडतोय, त्यांना काम काय हे मलाच नीट सांगता येत नाही.

मडगावकर

संयोजनाबद्दल मी लिहितो, कारण तो आमच्या गोव्याचा जिव्हाळ्याचा विषय.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून शिकून निघालेली माणसं पोटासाठी मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा कणा झाली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड. संगीतकार चाल गुणगुणायचा, हे लोक ती कागदावर उतरवायचे. मग सुरुवातीला व्हायोलिन किती, मध्ये बासरी कुठं, गायिका श्वास घेते तेव्हा मागे काय वाजतं, हे सगळं ठरवून प्रत्येक वादकाच्या हातात त्याचा त्याचा कागद द्यायचे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी गोन्साल्विसांकडे व्हायोलिनचे धडे घेतले. एवढं करून पडद्यावर संयोजकाचं नाव बहुतेक वेळा नसायचंच. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून तुमच्या गाण्यात संयोजन गटाचं नाव ठळक द्या, ही माझी विनंती.

मुलांसाठी काम असं द्या. मोठ्या कागदावर आठ-आठ चौकोनांच्या ओळी आखा, एक चौकोन म्हणजे एक मात्रा. डावीकडे उभी नावं: ढोलकी, झांज, पेटी, मुली, मुलगे. ज्या चौकोनात जे वाजायचं तिथं खूण. पहिल्यांदा ‘एसटी येईना’ एकटीने, ढोलकीशिवाय. दुसऱ्यांदा झांज नुसती पहिल्या मात्रेवर. शेवटच्या ‘शाळेतली’वर सगळे, मग एकदम शांतता. मुलं हा कागद खोडतील, भांडतील, परत आखतील. तेच संयोजन. पुढे याचं शिक्षण घ्यायचं तर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकावं लागतं. आमच्याकडे पणजीला कला अकादमी आहे. महाराष्ट्रातही लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं पुष्कळ आहेत.

वकीलताई_ठाणे

बाई, यूट्यूब आणि नावांबद्दल. मी कॉपीराइटचं काम करते, त्यामुळे सोप्या शब्दांत सांगते.

आपल्या १९५७ च्या कायद्यात गाणं ही एक वस्तू नाही. शब्द ही साहित्यकृती, चाल ही वेगळी संगीतकृती आणि रेकॉर्डिंग हे तिसरंच. तिन्हींचे हक्क वेगळे असू शकतात. नोंदणी केली नाही तरी हक्क निर्माण होतो. शब्द आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. अनेकांनी मिळून केलेलं असेल आणि कुणाचं काय हे वेगळं काढता येत नसेल, तर सर्वांत शेवटी जाणाऱ्या रचनाकारापासून ६० वर्षं मोजतात. तुमच्या आठवीच्या पोरांच्या चार ओळी पुढच्या शतकातही त्यांच्याच नावावर असतील. हे वर्गात सांगून बघा, वही आपोआप नीट भरली जाईल.

नावं गटवार द्या, पण आतल्या प्रत्येकाचं नाव तुमच्या वहीत असू द्या. साऊंडवाले दादांनी नोंदींचा गट सांगितला, तो अगदी योग्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का झाला. तो गोळा करून वाटण्याचं काम आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था करते. म्हणजे हिशेब, करार, हक्क यातही संगीताशी जोडलेली कामं आहेत. कॉमर्स किंवा कायदा शिकायचं ठरवलेल्या मुलांना हे माहीत असावं.

शाळेत, फक्त मुलं, शिक्षक आणि पालकांसमोर सादर करताना दुसऱ्याचं गाणं म्हटलं तरी कायदा सूट देतो. तीच गोष्ट यूट्यूबवर टाकली की सूट संपते. तुमचं गाणं पूर्ण स्वतःचं असल्यामुळे हा प्रश्नच येत नाही. सिनेमाची चाल न घेण्याचा तुमचा निर्णय कायद्याच्या बाजूनेही उत्तम.

मुलं अल्पवयीन आहेत, त्यामुळे टाकण्याआधी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या आणि मुख्याध्यापकांना विचारा. माझा सल्ला: चेहरे दाखवू नका. आवाज, आणि चित्र म्हणून मडगावकरांनी सांगितलेला तो चौकोनांचा कागद. मुलांची आडनावं, गाव, वेळापत्रक काही लिहू नका.

शाळेतली_बाई (शिराळा तालुका, जि. सांगली)

चौकोनांचा कागद आखला! संयोजन गट आता सगळ्यात मोठा झालाय, त्यात यायला मुलं भांडतात. झांज नुसत्या पहिल्या मात्रेवर हे आवडलं सगळ्यांना, पण एका गटाचं म्हणणं आहे की ‘वाजेना’नंतर खरी घंटा वाजवायची, शाळेची. मतदान घेऊन ती ठेवली. संमतीची पत्रं घरी पाठवली आहेत, मिरजेच्या सहलीचा अर्ज केंद्रप्रमुखांकडे दिलाय.

शेवटचं विचारते. रेकॉर्डिंग कसं करू? वर्गावर पत्रे आहेत आणि पाऊस थांबायचं नाव नाही. फोन दोन मिळतील.

साऊंडवाला_सांगली

घंटा ठेवली हे फार छान केलंत.

पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्डिंगमधून काढता येत नाही, म्हणून उघडीप असताना सकाळी लवकर करा. शाळेत स्लॅबची एखादी खोली असेल, कार्यालय, पोषण आहाराची खोली, तर ती घ्या. पोषण आहाराच्या खोलीतली तांदळाची पोती उत्तम, आवाज पितात. नसेल तर सतरंज्या खाली अंथरा आणि दोन भिंतींलगत बेंच ठेवून त्यांवर टांगा. पंखा बंद. फोन एअरप्लेन मोडवर.

आधी एका फोनवर नुसती ढोलकी आणि पेटी घ्या, फोन ढोलकीपासून चारपाच हात लांब, पेटीच्या जवळ. सुरू करण्याआधी एकाने मोठ्याने चार मात्रा मोजायच्या आणि एक टाळी द्यायची. मग तेच रेकॉर्डिंग पहिल्या फोनवर इअरफोनने दोन मुलं ऐकतील, ती हाताने लय दाखवतील, बाकीचे बघून गातील, आणि दुसऱ्या फोनवर फक्त आवाज घ्यायचे. इअरफोनमध्ये ती टाळी ऐकू आली की ऐकणाऱ्या मुलाने त्याच क्षणी टाळी द्यायची, म्हणजे ती दोन्हीकडे येते, जुळवायला तीच लागते. गाणाऱ्यांचं अर्धवर्तुळ करा, मोठ्या आवाजाची मुलं मागे, हळू आवाजाची पुढे. फोनच्या पडद्यावर आवाजाची रेघ लाल होत असेल तर फोन मागे सरकवा.

जुळवायला संगणक असेल तर ऑडॅसिटी, नसेल तर फोनवर बँडलॅब, दोन्ही फुकट आहेत. टाळीवर टाळी ठेवायची, की गाणं जुळलं. हे काम मुलांनाच करू द्या. रेकॉर्डिंग गटातल्या दोघा-तिघांना तिथं बसवा आणि तुम्ही मागे उभ्या राहा.

घंटा वेगळी घ्या, शेवटी, मैदानात, फोन लांब ठेवून. जवळून घेतली तर फाटेल. आणि पाऊस आलाच त्या दिवशी, तर पत्र्याखाली फोन ठेवून नुसता पाऊस मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. गाण्याच्या सुरुवातीला हळू आवाजात लावता येईल. असे आवाज गोळा करून सिनेमाला पुरवणारी माणसं असतात, तेही मुलांना सांगा.

फाईल्स मला पाठवल्यात तर शेवटचं मिक्सिंग मी करून देईन, पैसे नकोत. पण आधी मुलांचं मिक्सिंग पूर्ण होऊ द्या, आणि मी काय बदललं ते व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासमोर करून दाखवेन. दुपारी दोननंतरची वेळ ठरवा, सकाळी माझ्याकडे डबिंग असतं.